गिनीपिगचं अंथरूण: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या हवेत काय टिकतं, काय परवडतं

गिनीपिगचं नाक जमिनीपासून दोन-तीन बोटांवर असतं. आपण उभ्यानं पिंजऱ्याजवळून जातो तेव्हा जो वास आपल्याला जेमतेम जाणवतो, त्यातच तो प्राणी चोवीस तास श्वास घेत असतो. लघवी जिरली नाही की तिचा अमोनिया होतो, अमोनियानं नाकाची आणि फुप्फुसाची आतली नाजूक त्वचा चुरचुरते आणि मग साधी सर्दी न्यूमोनियावर जाते. दुसरी गोष्ट पायांची. गिनीपिगच्या तळपायाला केस नसतात. ओल्या, खरखरीत किंवा जाळीच्या तळावर उभं राहून तळपाय लाल होतात, फुटतात आणि आत जंतू शिरून सुजतात. हे दुखणं एकदा हाडापर्यंत गेलं की बरं करणं फार अवघड.

म्हणून अंथरूण निवडताना चार गोष्टी बघायच्या. वरचा थर कोरडा राहतो का, धूळ उडते का, पायाला मऊ आहे का आणि चावून पोटात गेलं तर अपाय होतो का. पाचवी गोष्ट आपल्या बाजूची: ते दर आठवड्याला, वर्षभर, खिशाला जड न होता मिळतं का. ऑनलाइन मिळणारं कागदाच्या लगद्याचं अंथरूण चांगलं असतं, पण ते दर महिन्याला मागवणं बहुतेक घरांना झेपत नाही. सुदैवानं सीमाभागात वखारी आहेत, सुतार आहेत, घरोघरी वाकळा आणि जुन्या सोलापुरी चादरी आहेत. यातून उत्तम अंथरूण होतं. फक्त एकच अंथरूण बाराही महिने चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन भरपूर आणि पाणी कमी, पावसाळ्यात पाणी भरपूर आणि ऊन नाही. अंथरूण या हिशोबानं बदलावं लागतं, आणि पैसेही त्यातच वाचतात.

आधी पिंजरा मोजा, मग चार दिवस नुसतं बघा

गिनीपिग एकटा ठेवू नये, तो कळपातला प्राणी आहे. दोघांसाठी साधारण चार फूट बाय अडीच फूट, म्हणजे दहा चौरस फुटांची जागा धरा. याहून लहान जागेत अंथरूण लवकर भिजतं, त्यामुळे लहान पिंजरा घेऊन पैसे वाचत नाहीत. तळ सपाट आणि भरीव हवा. कोंबड्यांच्या खुराड्यासारखा जाळीचा तळ असेल तर त्यावर प्लायची फळी टाका आणि फळीवर जाड प्लॅस्टिक किंवा जुन्या फ्लेक्स बॅनरचा तुकडा. फ्लेक्सच्या कडा फळीखाली दुमडून घ्या, नाहीतर ते कुरतडतात.

खरेदीला जाण्याआधी तीन-चार दिवस तळाला नुसते वर्तमानपत्राचे जाड थर अंथरा आणि रोज सकाळी कुठे कुठे ओलं झालंय ते बघा. गिनीपिग मांजरासारखा एकाच जागी जाईल असं नाही, लेंड्या तर चालता चालता सगळीकडे पडतात. पण लघवी तो जास्त करून तिथेच करतो जिथे तो बसून खातो, आणि जिथे अंधार आणि आडोसा असतो. म्हणजे गवताच्या टोपलीखाली आणि लपायच्या खोक्यात. या दोन ठिकाणी जाड आणि शोषून घेणारं अंथरूण लागतं, बाकीच्या तळाला हलकं चालतं. सगळा तळ सारखाच भरून टाकणं हा सगळ्यात महाग प्रकार. ओल्या जागा सापडल्यावर गवताची टोपली आणि खोकं एकाच कोपऱ्यात शेजारी ठेवा, म्हणजे भिजणारा भाग दोन चौरस फुटांत आवरतो.

लाकडाचा भुसा: कुठला घ्यायचा, कुठला अजिबात नाही

‘भुसा’ म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी मागतो. करवतीखाली पडतो तो बारीक, पिठासारखा. तो घेऊ नका. तो नाकात जातो, डोळ्यांत जातो, ओला झाला की त्याचा गोळा पायाला चिकटतो, आणि नरांच्या बाबतीत तर नाजूक जागी अडकून सूज आणतो. आपल्याला हवीत ती रंधा मारताना निघणारी पातळ, वळलेली सालपटं. सुतारमामांना सांगताना स्पष्ट सांगा, “मामा, रंध्याची सालपटं तेवढी द्या, करवतीचा भुसा मिसळू नका. आणि प्लायचं काम केलेल्या दिवसाचं नको.” हे शेवटचं वाक्य विसरू नका. प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्याची भुकटी थोडीशी मिसळली तरी ते पोतं परत करावं.

आता लाकूड कुठलं. खानापूर-दांडेलीकडच्या सागवानाचं आपल्याला कौतुक, आणि सुतारकामात सागाचा भुसा सगळ्यात जास्त निघतो. पण तो पिंजऱ्यात नको. सागाच्या लाकडात लॅपाकॉलसारखी द्रव्यं असतात, त्यांनी सागावर काम करणाऱ्या सुतारांच्याही अंगाला खाज सुटते. शिसवीचंही तसंच. आंब्याच्या लाकडाचाही काहींना त्रास होतो, तेव्हा तेही टाळलेलं बरं. वाळवीचं औषध मारलेलं, पॉलिश केलेलं, जुन्या दारांचं रंगवलेलं लाकूड तर सरळ बाद.

राहिलं ते खोक्यांचं हलकं लाकूड. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात कारखान्यांचे सुटे भाग पाठवायला लाकडी पेट्या लागतात आणि त्या पेट्या करणाऱ्यांकडे पाइनची सालपटं निघतात. पाइनला स्वतःचा वास असतो आणि त्यातली उडून जाणारी द्रव्यं यकृतावर भार टाकतात. देवदार-सीडर आणि पाइनसारख्या मऊ लाकडाच्या अंथरुणानं उंदरांच्या यकृतातली विकरं (एन्झाइम) वाढतात हे १९६७ सालीच प्रसिद्ध झालं आहे. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधून यातलं बरंच निघून जातं. तेव्हा मूठभर सालपटं नाकाशी धरून बघा. रॉकेल, राळ किंवा टर्पेंटाइनची आठवण करून देणारा उग्र वास आला तर घेऊ नका. लाकडाचा जेमतेम वास येत असेल तर चालेल, तरी घरी आणून दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा.

पेटीचं लाकूड परदेशातून आलेलं असेल तर फळीवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि दोन रोमन अक्षरं जाळून उमटवलेली असतात. ‘एच टी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवलेलं. ‘एम बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ‘एम बी’ दिसलं की त्या ढिगातलं काहीही उचलू नका. आणि सुतार बोलताना कुठल्याही पांढऱ्या हलक्या लाकडाला ‘देवदार’ म्हणतो, तेव्हा नावावर जाऊ नका, वासावर जा. खरा देवदार सुगंधी असतो, आणि हा सुगंधच आपल्याला नको आहे.

शेताकडून मिळणाऱ्या वस्तू

कोंबडीपालनात भाताचं तूस सर्रास वापरतात, खानापूर तालुक्यात भात गिरणीवर ते पोत्यानं मिळतं आणि स्वस्त असतं. गिनीपिगसाठी मात्र मी ते सुचवत नाही. तुसात सिलिका असते, टोकं टोचतात, धूळ फार उडते आणि ओल शोषायची ताकद कमी. कोंबडीच्या पायाला खवले आहेत, गिनीपिगच्या नाहीत.

भाताचं पिंजर, म्हणजे वाळलेला पेंढा, मऊ असेल तर वरच्या थराला, ऊब म्हणून, थंडीच्या दिवसांत चालतं. खाली शोषणारं काही हवंच, कारण पिंजराच्या काड्या बाहेरून गुळगुळीत असतात आणि पाणी तळाला सोडून देतात. जोंधळ्याचा कडबा जाड आणि टोकदार, उसाचं पाचट धारदार. दोन्ही डोळ्याला धोक्याची. गोठ्यातल्या गंजीतलं पिंजर आणलं तर त्याबरोबर माइट नावाचे बारीक किडे आणि उंदरांचं मूत येऊ शकतं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो, तो आपल्यालाही होतो. त्यामुळे गंजीच्या मधल्या, कोरड्या भागातलं घ्यायचं आणि ऊन दाखवूनच आत आणायचं.

चिक्कोडी, अथणी, रायबागच्या पट्ट्यात उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, हाताशी असतो. तो स्पंजासारखा पाणी ओढतो हे खरं, पण त्यात राहिलेल्या साखरेमुळे तो लवकर बुरसतो. बुरसलेल्या बगॅसच्या धुळीनं माणसांना बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. मग जमिनीलगत श्वास घेणाऱ्या एक किलोच्या जिवाचं काय होईल? भुईमुगाच्या टरफलांचीही तीच अडचण. बुरशी धरली की तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि ही टरफलं हे प्राणी चघळत बसतात.

निपाणीकरांना एक खास सूचना. तंबाखूच्या वखारीतली जुनी पोती, तट्ट्या, सुतळ्या काहीही पिंजऱ्याजवळ आणू नका, धुऊनसुद्धा नाही. निकोटिन तागाच्या धाग्यात मुरलेलं असतं. एरवीही गोणपाट नकोच, त्याचे सुटे धागे बोटांना आणि नखांना गुंडाळतात. काथ्याचंही तसंच. खताची आणि औषधांची पोती साठवणीलाही वापरू नका, साखरेची किंवा पिठाची घ्या.

मांजरासाठी मिळणारी मातीची, गोळा होणारी वाळू हे सगळ्यात घातक अंथरूण. ती पोटात गेली की फुगते आणि आतडं बंद होतं. दुकानदार कितीही आग्रह करू दे.

विकत घेण्याआधी तीन तपासण्या

मूठभर सालपटं घट्ट दाबा आणि सोडा. परत फुलून आली तर कोरडी आहेत. गोळा राहिला किंवा तळहात दमट लागला तर ओल आहे, ती आठवड्यात बुरसतील. मग दारातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात ओंजळभर वरून सोडा. कवडशात जे तरंगताना दिसेल ते सगळं गिनीपिगच्या नाकात जाणार आहे. थोडी धूळ असेल तर चाळणीनं किंवा सुपानं पाखडून काढता येते, ढग उठत असेल तर पोतं सोडून द्या. तिसरी तपासणी पाण्याची. एका टबात दोन इंच थर घालून मध्यभागी अर्धा पेला कोमट पाणी ओता, दहा मिनिटांनी वर तळहात दाबून ठेवा. हात कोरडा राहिला की ते अंथरूण कामाचं.

कापडाचं अंथरूण: माझं पहिलं मत याला

ऊन असणाऱ्या महिन्यांत कापडाइतकं स्वस्त आणि स्वच्छ दुसरं काही नाही. एकदाच खर्च, मग धुऊन धुऊन वर्षानुवर्षं. पण ते नीट रचावं लागतं, नुसती जुनी साडी अंथरून भागत नाही. सुती कापड लघवी पितं आणि तीच ओल पायाखाली धरून ठेवतं.

रचना तीन थरांची. सगळ्यात खाली प्लॅस्टिक किंवा फ्लेक्स. त्यावर पाणी पिणारा थर: जुनी वाकळ, टॉवेल, नाहीतर दुहेरी घडी केलेली सोलापुरी चादर. सगळ्यात वर फ्लीस, म्हणजे बाजारात हिवाळ्यात येणाऱ्या त्या हलक्या, केसाळ पॉलिस्टर ब्लँकेटचं कापड. फ्लीसचा धागा स्वतः पाणी पीत नाही, ते खाली जाऊ देतो. लघवी वरून खाली उतरते, वाकळ ती धरून ठेवते आणि पायाखाली कोरडं राहतं.

नवीन फ्लीस मात्र हे काम करत नाही. त्यावर कारखान्यातला थर असतो आणि पाण्याचे थेंब मोत्यासारखे वरच राहतात. गरम पाण्यात साध्या साबणानं तीन-चार वेळा धुवा. मग खाली टॉवेल ठेवून वर चमचाभर पाणी सोडा. थेंब लगेच खाली उतरला तर कापड तयार. तसाच बसून राहिला तर आणखी धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच घालू नका, त्यानं पुन्हा तसाच थर चढतो आणि वास राहतो तो वेगळाच.

सोलापुरी चादर वापरताना तिच्या दोन्ही टोकांच्या दशा कात्रीनं मुळापासून कापून काठ दुमडून शिवून घ्या. त्या दशा दिसायला निरुपद्रवी, पण गिनीपिगच्या बोटाला एखादा दोरा दोन वेढे बसला की तो ओढतो, दोरा आवळतो आणि रक्त बंद होऊन बोट काळं पडतं. वाकळेचे टाकेही चाचपून बघा. जिथे टाका उसवून दोऱ्याची कडी झालीय तिथे कापून टाका. घोंगडं यासाठी नको. लोकर खरखरीत असते, धुवायला जड, वाळायला आणखी जड, आणि तिचा ओला वास काही केल्या जात नाही.

फ्लीस पिंजऱ्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं कापा आणि कडा खालच्या थराखाली दुमडा. फ्लीसच्या कडेचे दोरे निघत नाहीत, त्यामुळे शिवायची गरज नाही. पिना लावू नका. शक्यतो फिकट रंग घ्या. गिनीपिगची लघवी गढूळ असणं आणि वाळल्यावर खडूसारखा पांढरा डाग राहणं नेहमीचं आहे, ते कॅल्शियम असतं. पण ताजी लघवी लाल दिसली तर ते फिकट कापडावर त्याच दिवशी कळतं, आणि मुतखडा वेळेत लक्षात येतो. गडद फुलाफुलांच्या ब्लँकेटवर आठवडाभर कळणार नाही.

असे तीन संच लागतात: एक पिंजऱ्यात, एक धुण्यात, एक घडीत. गवताच्या कोपऱ्यात मात्र कापडावर उथळ ट्रे ठेवून त्यात रंध्याची सालपटं घाला. सगळ्यात जास्त लघवी तिथे जिरते आणि बाकीचं कापड तीन-चार दिवस टिकतं.

ऋतूप्रमाणे बदल

आपल्याकडे एकच हवा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, तर अथणीकडे तो यावा म्हणून वाट बघावी लागते. त्यामुळे पुढचं सगळं आपापल्या गावाप्रमाणे पुढेमागे करून घ्या.

पावसाळ्यात वाकळ वाळत नाही. अर्धवट वाळलेली वाकळ पुन्हा पिंजऱ्यात घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. फ्लीस मात्र पातळ, पिळून पंख्याखाली टाकलं की रात्रीत वाळतं. तेव्हा जून ते सप्टेंबर वाकळ बाजूला ठेवा आणि फ्लीसखाली वर्तमानपत्राचे दहा-बारा थर घाला. रद्दी रोज बदलायची, फ्लीस दोन दिवसांनी. सुरुवातीची चार दिवसांची पाहणी सोडली तर वर्तमानपत्र थेट पायाखाली नको, ते पाणी कमी पितं आणि शाई अंगाला लागते. खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी या चार महिन्यांत कापड पूर्ण सोडून सगळ्या तळाला सालपटं घातली तरी चालेल. तिकडच्या दमट हवेत फ्लीससुद्धा ओलसर राहतं.

पण मग सालपटं पावसाळ्यात आणायची नाहीत. वखारीत उघड्यावर पडलेला माल जूनमध्ये ओला होतो आणि पोत्याच्या तळाला हिरवट-काळी बुरशी धरते. पापड, सांडगे, मिरच्या यांची बेगमी करतो तशी हीही एप्रिल-मेमध्ये करून ठेवायची. उन्हात वाळवून, कोरड्या पोत्यांत भरून, तोंड शिवून, जमिनीला आणि भिंतीला न टेकवता फळीवर रचायची. आत हात घातल्यावर पोतं कोमट लागलं तर आत कुजायला सुरुवात झाली आहे, ते टाकून द्या.

उन्हाळ्यात चिंता वेगळी. गिनीपिगला १८ ते २४ अंश तापमान मानवतं, त्याच्या वर जाऊ लागलं की उष्माघाताचा धोका वाढतो. सालपटांचा जाड थर ऊब धरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये कापड किंवा पातळ थर बरा, आणि एका बाजूला शहाबादी फरशीचा किंवा मातीच्या कौलाचा गार तुकडा ठेवा. तो प्राणी स्वतःहून त्यावर पोट टेकवून बसेल. मात्र तुमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येत असेल तर आठवड्याला दोनदा वाकळा धुणं शक्य नाही. अशा घरांनी पाण्याच्या टंचाईच्या आठवड्यांत फ्लीसखाली रद्दी हीच युक्ती वापरावी. एकटं फ्लीस अर्ध्या बादलीत निघतं.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं. लपायच्या खोक्यात मूठ-दोन मुठी मऊ पिंजर किंवा वाळलेलं गवत घाला. आपल्या माळरानावर कुसळी गवत फार, वाळल्यावर त्याची कुसळं कपड्यात घुसतात ते तुम्हाला माहीतच आहे. एखादं कुसळ गिनीपिगच्या डोळ्यात गेलं तर बुबुळ फाटू शकतं. गवत घालण्याआधी मुठीमुठीनं झटकून बघा, कुसळ दिसलं की ती पेंढी गुरांना द्या.

खर्चाचा हिशोब

दहा चौरस फुटांत दोन इंच थर द्यायचा तर सुमारे ४७ लिटर, म्हणजे दहा लिटरच्या जवळजवळ पाच बादल्या सालपटं लागतात. आठवड्याला एकदा सगळं बदललं तर महिन्याला वीस-बावीस बादल्या. त्याऐवजी फक्त दोन चौरस फुटांचा गवताचा कोपरा सालपटांचा ठेवला तर एका वेळी एक बादली पुरते. दर तिसऱ्या दिवशी बदललं तरी महिन्याला दहा. निम्म्याहून कमी. उरलेल्या तळाला कापड, त्याचा खर्च एकदाच.

विकत घेताना पोत्याची किंमत विचारून थांबू नका. पोत्यात किती बादल्या भरतात ते मोजा आणि एका बादलीचा भाव काढा. ऑनलाइन मिळणाऱ्या दाबून भरलेल्या वीटेचाही असाच भाव काढायचा: मोकळी केल्यावर किती लिटर होते यावर, वजनावर नाही. हा हिशोब एकदा कागदावर मांडला की वखारीचं ओझं आणि दुकानातलं पाकीट यांतलं काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. पण ज्या घरात कुणाला दमा आहे तिथे लाकडाच्या सालपटांपेक्षा कागदाचं अंथरूण किंवा नुसतं कापड घ्या, थोडं महाग पडलं तरी.

रोजचं आणि आठवड्याचं काम

रोज दोनदा लहान केरसुणीनं लेंड्या सुपलीत गोळा करा. एक गिनीपिग दिवसाला शंभराच्या वर लेंड्या टाकतो, त्यामुळे हे काम टाळलं की कापड एका दिवसात घाण दिसतं. ओली सालपटं रोज उचलून तेवढीच नवीन घाला. लपायच्या खोक्याखाली हात घालून चाचपा, वरून कोरडं दिसणारं अंथरूण तिथे हमखास भिजलेलं असतं.

कापड धुण्याआधी अंगणात झटका आणि चिकटलेले केस ब्रशनं काढा. गवताच्या काड्या मशीनच्या जाळीत अडकतात, म्हणून उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून टाका. गरम पाणी, थोडा साबण, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. तळावरचे खडूसारखे डागही व्हिनेगर दहा मिनिटं ओतून ठेवलं की निघतात. फिनाइलनं पुसू नका, त्याचा वास आणि अंश दोन्ही घातक. मुंग्यांचा खडू, डांबराच्या गोळ्या, गॅमेक्सिन, चुना, चुलीची राख यांतलं काही पिंजऱ्यात किंवा पिंजऱ्याखाली टाकू नका. मुंग्या येत असतील तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा.

अंथरूण बदलताना एका दिवसात सगळं बदलू नका. जुन्यातली मूठभर सालपटं किंवा न धुतलेल्या कापडाचा एक तुकडा नव्यात राहू द्या. ओळखीचा वास नसला की ते बावरतात, खाणं कमी करतात, आणि गिनीपिगचं खाणं थांबणं हे कुठल्याही अंथरुणापेक्षा गंभीर आहे.

नवीन अंथरूण घातल्यावर पहिले आठ-दहा दिवस कान आणि डोळे उघडे ठेवा. वारंवार शिंका, नाकाशी चिकटलेली पांढरी पापडी, डोळ्यांच्या कडेला खपली, श्वासाचा घरघर आवाज यांतलं काहीही दिसलं तर अंथरूण त्याच दिवशी काढून नुसत्या फ्लीसवर आणा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडचे पशुवैद्य प्रामुख्यानं गाई-म्हशी बघतात, तेव्हा जाताना एक गोष्ट आवर्जून सांगा: गिनीपिगला पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे देत नाहीत. त्यानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं.

आठवड्यातून एकदा प्राणी मांडीवर घेऊन चारही तळपाय बघा. निरोगी तळपाय गुलाबी आणि मऊ असतो. लालसर चकाकी, कोरडी भेग किंवा टाचेला घट्टा दिसला की अंथरूण जाड करा, नखं वाढली असतील तर कापा आणि वजन करा. जाड झालेल्या प्राण्याच्या तळपायावर भार जास्त पडतो. जखमा भरायला त्याला क जीवनसत्त्व लागतं आणि ते त्याच्या शरीरात तयार होत नाही, म्हणून रोज ढबू मिरचीचा तुकडा चुकवू नका.

काढलेलं अंथरूण कचऱ्याच्या गाडीत घालायची गरज नाही. लेंड्या थेट गुलाबाच्या किंवा कढीलिंबाच्या बुंध्याशी घालता येतात. ओली सालपटं आणि रद्दी मात्र खड्ड्यात, एक थर अंथरुणाचा आणि एक थर भाजीच्या देठांचा किंवा शेणाचा असं घाला. नुसतं लाकूड फार सावकाश कुजतं आणि मातीतलं नत्र ओढून घेतं. महिन्यातून एकदा फावड्यानं वरखाली करा, पावसाळ्यात वर पत्रा टाका. आतली सालपटं काळी होऊन बोटांनी चुरडली जाऊ लागली की ते खत परसातल्या केळींना घालायला तयार झालं.